उडते ठेवण्याचा खटाटोप

बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात एक हॉकर हरिकेन विमान वर्षानुवर्षे उघड्यावर पडून होते. आर ४११८ हा त्याचा क्रमांक. १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये ते ६०५ स्क्वॉड्रनकडून लंडनजवळच्या क्रॉयडन तळावरून लढले होते. पुढे युद्ध चालू असतानाच त्याची भारतात रवानगी झाली आणि अखेर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकायला म्हणून ते विद्यापीठाकडे आले. पीटर व्हॅचर या इंग्रज गृहस्थांनी ते १९८२ मध्ये पाहिले, २००१ मध्ये मायदेशी नेले आणि डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा आकाशात गेले. ही हकिगत बहुधा योगायोगाची आणि चिकाटीची म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेच. पण तिच्यातला सगळ्यात अवघड भाग वाराणसीत नव्हता. हरिकेनच्या पोटातून आडवी जाणारी, पंखांचा भार पेलणारी जी मुख्य तुळई असते, कारागीर तिला स्पार म्हणतात. पोलादी पट्टी बारा बाजूंच्या नळीच्या आकारात वळवून, एका नळीत दुसरी बसवून ती केलेली असते. ती वळवणारी यंत्रे युद्धानंतर मोडीत निघाली. हरिकेन १४ हजारांहून अधिक बनली, तरी पुढची कित्येक दशके उडती हरिकेन बोटांवर मोजण्याइतकीच राहिली, आणि त्याच काळातली स्पिटफायर मात्र डझनांनी उडू लागली. यामागचे एक मोठे कारण ही नळी आहे. इंग्लंडमधल्या एका कार्यशाळेने ती वळवण्याची हत्यारे नव्याने घडवली, तेव्हा कुठे हरिकेनांचा रस्ता मोकळा झाला.

या पुस्तकाची भूमिका त्या नळीपासून सुरू होते. जुनी लष्करी विमाने पुन्हा उडती करणाऱ्यांचे जग बाहेरून पाहिले की त्यात प्रामुख्याने पैसा, हौस आणि गतकाळाची ओढ दिसते. माझ्या मते या साऱ्या उद्योगाची खरी कमाई हाताच्या कामाचे ज्ञान ही आहे. पत्र्याला दुहेरी गोलाई कशी द्यायची, मिश्रधातूचे रिव्हेट तापवून मऊ केल्यावर ते पुन्हा कडक होऊ नयेत म्हणून बर्फपेटीत का ठेवायचे, सत्तावीस लिटरच्या मर्लिन इंजिनाचे बारा सिलिंडर एका सुरात कसे आणायचे, हे सगळे आराखड्यावर लिहिलेले नसते. आराखडा काढणाऱ्याने ते गृहीत धरलेले असते, कारण कारखान्यातल्या प्रत्येक फिटरला ते ठाऊक होते. तो फिटर गेला की आराखडा अर्धा मुका होतो. त्याला पुन्हा बोलते करायचे तर ती वस्तू परत बनवावी लागते. आणि बनवलेली वस्तू बरोबर बनली की नाही याची उड्डाणाइतकी कठोर कसोटी दुसरी नाही. संग्रहालयात टांगलेल्या विमानाच्या आतले शंभर बोल्ट चुकीचे असले तरी ते प्रेक्षकाला दिसत नाही. उडणाऱ्या विमानाला एकही चुकीचा चालत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे. त्याला आक्षेप बरेच आहेत, आणि त्यांतले काही मला मान्यही आहेत.

आधी हा उद्योग इथवर कसा आला ते पाहू. महायुद्ध संपल्यावर विजेत्या देशांनी आपली विमाने हजारोंच्या संख्येने वितळवली. अ‍ॅरिझोनातल्या किंगमनसारख्या तळांवर बॉम्बर विमानांच्या रांगाच्या रांगा भट्टीत गेल्या. त्या काळात जुने विमान ‘जपणे’ ही कल्पनाच थोडी विक्षिप्त समजली जाई. तरी बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनला रिचर्ड शटलवर्थ यांनी १९३० च्या दशकातच पहिल्या पिढीची विमाने गोळा करून उडवायला सुरुवात केली होती. ते १९४० मध्ये हवाई दलाच्या विमान अपघातात गेले, आणि त्यांच्या आईने त्यांच्या नावाने न्यास उभा केला. १९०९ चे ब्लेरिओ विमान आजही तिथे, वारा पडलेला असेल तर, जमिनीपासून थोडे वर उडते. अमेरिकेत कोल पॅलेन यांनी न्यूयॉर्क राज्यात ऱ्हाइनबेकला पहिल्या महायुद्धातली विमाने उडवली, एड मलोनी यांनी १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात संग्रहालय काढले, आणि त्याच वर्षी टेक्सासमध्ये लॉइड नोलन व त्यांच्या मित्रांनी एक मस्टँग विकत घेतले, ज्यातून पुढे आजची कमेमोरेटिव्ह एअर फोर्स उभी राहिली. ब्रिटनच्या हवाई दलानेही १९५७ मध्येच स्वतःची छोटी ऐतिहासिक तुकडी बांधली. या पहिल्या पिढीला तंत्राची अडचण फारशी नव्हती. विमाने स्वस्त होती, सुटे भाग भंगारात मिळत, आणि ती विमाने दुरुस्त केलेली माणसे चाळिशीत होती.

दुसरा टप्पा सिनेमाने आणला. १९६९ मध्ये आलेल्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या चित्रपटासाठी ब्रिटनमधली स्पिटफायर आणि स्पेनच्या हवाई दलातली, जर्मन मेसरश्मिटच्या वंशातली बुचोन विमाने जमवली गेली. चित्रीकरण संपल्यावर ती बाजारात आली आणि ‘वॉरबर्ड’चा, म्हणजे जुन्या लष्करी विमानांचा, बाजार म्हणून ज्याला ओळखतात तो खऱ्या अर्थाने जमला. मग शोध सुरू झाला तो ज्या देशांनी ही विमाने उशिरापर्यंत वापरली त्या देशांमध्ये, आणि त्यात भारताचा क्रमांक वरचा होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या हवाई तळांवर पडलेले स्पिटफायर आणि टेंपेस्टचे सांगाडे ब्रिटनला गेले. त्यांतलेच एक टेंपेस्ट, जे काश्मीरच्या युद्धकाळातल्या भारतीय हवाई दलाच्या ताफ्याचा वारसा सांगते, २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सायवेलच्या धावपट्टीवरून उडाले.

लिबरेटर बॉम्बरची गोष्ट याहून मोलाची आहे आणि ती आपल्याकडे फारच कमी सांगितली जाते. युद्ध संपताना ही अमेरिकी विमाने परत न्यायची किंवा निकामी करायची असा करार होता. त्याप्रमाणे ब्रिटिशांनी कानपूरला त्यांची मोडतोड करून ती सोडून दिली. १९४८ मध्ये नव्या राष्ट्राला लांब पल्ल्याचे बॉम्बर हवे होते आणि ते विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या भंगारातून एकेक विमान जेमतेम उडण्याजोगे केले, चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली, आणि तिथे त्यांची पूर्ण बांधणी झाली. अशी चाळिसेक विमाने उभी राहिली. त्याच वर्षी पाच क्रमांकाची स्क्वॉड्रन त्यांच्यावर उभी केली गेली आणि ती १९६८ पर्यंत सेवेत होती. आज ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयात, कॅनडात, अ‍ॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयात जी लिबरेटर उभी आहेत ती या भारतीय ताफ्यातली आहेत. अमेरिकेत १९८९ पासून पुन्हा उडू लागलेले एक लिबरेटरही तिथूनच आलेले. भंगारातून विमान उठवण्याचे काम श्रीमंत पाश्चात्त्यांचा छंद म्हणून सुरू झाले असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे ते गरजेपोटी आणि सरकारी पगारावर, छंदाच्या बाजाराच्या कितीतरी आधी झाले होते. विमाने जगभर गेली. ती उठवणाऱ्यांनी काय केले, कसे केले, याची कारागिराच्या बाजूने लिहिलेली हकिगत मात्र मराठीत तरी नाहीच.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिसरी लाट आली. लेनिनग्राडजवळच्या जंगलात १९८९ मध्ये सापडलेले फोकवुल्फ १९० आपल्या मूळ बीएमडब्ल्यू इंजिनासह पुन्हा उडाले. नोव्होसिबिर्स्कच्या कारखान्याने न्यूझीलंडच्या एका संग्राहकासाठी पोलिकार्पोव्ह जातीची लढाऊ विमाने अवशेषांवरून पुन्हा बांधून दिली. याच काळात ग्रीनलंडच्या बर्फात ८० मीटरहून खोल गाडलेले पी-३८ तुकड्यांनी वर काढून २००२ मध्ये उडवले गेले. याच ग्रीनलंडमध्ये १९९५ मध्ये ‘की बर्ड’ नावाचे बी-२९ अख्खे वाचवून जागेवरूनच उडवण्याच्या प्रयत्नात धावपट्टीवर धावता धावता जळून गेले. जवळजवळ पन्नास वर्षे बर्फाने जे नीट ठेवले होते ते माणसांच्या घाईने एका दिवसात संपवले. या क्षेत्राबद्दल उत्साहाने बोलताना ते जळालेले विमान नजरेआड करता येत नाही.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने तीन पंथ दिसतात, आणि त्यांच्यातली भांडणे ऐकली की विषय पुष्कळसा कळतो. पहिला पंथ म्हणतो, हात लावू नका. नॉर्वेतल्या तळ्यातून १९७३ मध्ये काढलेले हॅलिफॅक्स बॉम्बर ब्रिटनच्या संग्रहालयाने जवळपास सापडले त्या अवस्थेत ठेवले. समुद्रातून २०१३ मध्ये वर काढलेल्या डॉर्निअर १७ वर सायट्रिक आम्लाचे फवारे मारून फक्त क्षार काढले गेले. दुसरा पंथ उडवणाऱ्यांचा. इंग्लंडमधले डक्सफर्ड, कॅलिफोर्नियातले चिनो, न्यूझीलंडमधले वानाका ही त्यांची ठाणी. तिसरा पंथ सरळ नवे बांधतो. टेक्सासमध्ये सुरुवात होऊन वॉशिंग्टन राज्यात पुरी झालेली मेसरश्मिट २६२ जेट विमाने आधुनिक इंजिने बसवून नव्याने बनवली आहेत, आणि न्यूझीलंडमध्ये पहिल्या महायुद्धातली इंजिनेसुद्धा नव्याने ओतली जातात. यांच्यामध्ये एक शहाणा मधला मार्गही आहे: ईस्ट कर्कबीचे ‘जस्ट जेन’ लँकेस्टर कित्येक वर्षे चारही इंजिने लावून केवळ जमिनीवर धावले आणि त्या कमाईवर आपली दुरुस्ती करत राहिले. आपल्याकडे चौथाही एक प्रकार आहे, काहीच न करण्याचा; गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयातली बरीच विमाने खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभी आहेत, आणि खारा वारा कोणताच पंथ मानत नाही.

हात लावू नका म्हणणाऱ्यांचा आक्षेप सगळ्यात जड आहे. विमान उडवायचे तर जुना पत्रा, जुने रिव्हेट, जुन्या तारा काढून टाकाव्याच लागतात. म्हणजे पुरावाच नष्ट करावा लागतो. कॅलेजवळच्या वाळूत १९४० मध्ये उतरवलेले स्पिटफायर पी ९३७४ चाळीस वर्षांनी वर आले, २०११ मध्ये उडाले आणि २०१५ मध्ये लिलावात ३१ लाख पौंडांना गेले. त्यातला मूळ धातू किती, हे विचारले की विक्रेते विमानाच्या क्रमांकाकडे बोट दाखवतात. देवळाचा जीर्णोद्धार झाला तर जागा आणि देव तेच म्हणून देऊळ तेच मानतो, पण कोणता खांब यादवकालीन आणि कोणता परवा बसवला हे सांगायची जबाबदारी जीर्णोद्धार करणाऱ्यावर असते. विमानांच्या बाबतीत ही जबाबदारी फार सैलपणे पाळली जाते. आपल्याच हवाई दलाच्या विंटेज ताफ्यात २०१८ मध्ये आलेल्या डकोटावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक. हे विमान मात्र निराळे. मानवंदना म्हणून हे योग्यच आहे, फक्त दर्शनी फलकावर ते स्पष्ट असले पाहिजे. माझा निवाडा असा: ज्या जातीचा एकच नग उरला आहे आणि ज्यात मूळ धातू भरपूर आहे ते उडवू नये. लिबियाच्या वाळवंटातून आलेले मेसरश्मिट १०९ ‘ब्लॅक ६’ जवळपास वीस वर्षे खपून उडते केले गेले आणि १९९७ मध्ये, उड्डाणाची मुदत संपत आलेली असताना, डक्सफर्डला आपटले. आता ते दुरुस्त होऊन संग्रहालयात उभे आहे. तिथे ते आधीच जायला हवे होते.

मग उडवायचे तरी कशासाठी? याचे उत्तर डक्सफर्डच्या ब्लेनहाइमने दिले आहे. स्वयंसेवकांनी बारा वर्षे राबून हे बॉम्बर उभे केले. १९८७ मध्ये ते उडाले आणि महिनाभरात अपघातात मोडले. माणसे वाचली. त्याच चमूने दुसऱ्या सांगाड्यावर काम सुरू केले आणि १९९३ मध्ये, म्हणजे निम्म्या वेळात, दुसरे ब्लेनहाइम उडाले. तेही २००३ मध्ये मोडले आणि २०१४ मध्ये तिसऱ्यांदा ब्लेनहाइम आकाशात दिसले. पहिल्या विमानाचा धातू वाया गेला, पण ते बांधताना जे कळले ते वाया गेले नाही. मॉस्किटोचे उदाहरण याहून बोलके आहे. हे विमान लाकडाचे. साच्यावर पातळ फळ्या चिकटवून त्याचे धड करतात, त्यामुळे जुने धड वाचवण्यात अर्थ नसतो, डिंकच मरतो. १९९६ मध्ये ब्रिटनमधले उडते मॉस्किटो कोसळले, त्यात दोन्ही माणसे गेली, आणि नंतर सोळा वर्षे जगात एकही मॉस्किटो उडाले नाही. न्यूझीलंडच्या ग्लिन पॉवेल यांनी धडाचे साचे नव्याने घडवले आणि २०१२ मध्ये आर्डमोरहून पहिले उडाले. आज ते साचे हीच खरी ठेव आहे. उलट बाजूने पाहा: व्हल्कन एक्सएच ५५८ हे जेट बॉम्बर लोकवर्गणीवर २००७ ते २०१५ उडत होते. त्याचा धातू थकण्याआधी त्याच्या रचनेची जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी हात काढून घेतला, कारण त्या जातीचे जाणकार निवृत्त होत होते. विमान होते, पैसा होता. ज्ञानाची हमी द्यायला कोणी उरले नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप भावनेने टाळता येण्यासारखा नाही. २०१५ मध्ये शोरहॅमला हॉकर हंटर कोसळून रस्त्यावरची ११ माणसे गेली. २०१९ मध्ये कनेटिकटमध्ये तिकीट काढून बसलेल्या प्रवाशांसह बी-१७ पडले, ७ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत देखभालीतल्या उणिवा पुढे आल्या. २०२२ मध्ये डॅलसला दोन विमाने प्रदर्शनातच एकमेकांवर आदळली आणि ६ जण गेले. माझ्या युक्तिवादाने या मृत्यूंचे समर्थन होत नाही, होऊही नये. उड्डाण ही कारागिरीची कसोटी आहे असे म्हटले तर त्या कसोटीला गर्दी, उलटीपालटी कसरत आणि पैसे देणारा प्रवासी यांतले काहीच लागत नाही. रिकाम्या शेतावरून, सरळ रेषेत, फक्त लागतील तेवढ्याच माणसांनिशी उडालेले विमानही तितकेच सिद्ध होते. प्रवासी नेल्याशिवाय खर्च भागत नाही असे चालक म्हणतात, आणि हिशेबाने ते खरे असेल. पण जो ताफा प्रवासी नेल्याशिवाय जगत नाही त्याने ‘जस्ट जेन’सारखे जमिनीवर धावून जगावे.

राहिला युद्धाच्या उदात्तीकरणाचा प्रश्न. हवाई प्रदर्शनातला ध्वनिवर्धक शौर्याच्याच गोष्टी सांगतो, हे कबूल. कार्यशाळा मात्र वेगळे शिकवते. लँकेस्टरच्या शेपटीतला मनोरा जोडणाऱ्याला कळते की तोफचीचे पॅराशूट आत मावतच नव्हते. ते मागच्या दारापलीकडे टांगलेले असे. विमान पेटल्यावर त्याने वळून, दार उघडून, ते काढून, चढवून उडी मारायची. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण परतले नाहीत, हा आकडा त्या दाराशी हात घालून काम करणाऱ्याला वेगळ्या तऱ्हेने समजतो. आणि हीच विमाने ज्या शहरांवर गेली तिथल्या माणसांचे काय, हा प्रश्नही बॉम्बकक्षाची मापे घेताना टाळता येत नाही.

हे पुस्तक आत्ताच का? युद्धकाळात ही विमाने हाताळलेली पिढी जवळपास संपली आहे. जुन्या इंजिनांना लागणारे शिसेयुक्त पेट्रोल अमेरिका २०३० च्या अखेरीपर्यंत बंद करू पाहते आहे. आणि आपल्या बाजूने पाहिले तर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. त्या विमानांची बांधणी नाशिकजवळ ओझरला झाली, इंजिने कोरापुटला. मराठी फिटर, टर्नर, तपासनीस यांच्या दोन-तीन पिढ्यांचे हात त्यांना लागले आहेत. त्याआधी डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी एचटी-२ हे पहिले भारतीय बनावटीचे शिकाऊ विमान घडवले, ते १९५१ मध्ये उडाले. म्हणजे मराठी वाचकाला हा विषय परका नाही. त्याला या विषयाची भाषा मात्र मिळाली नव्हती. या संग्रहातले लेख संग्राहकांच्या मालकीची जंत्री देत नाहीत, आणि कोणते विमान श्रेष्ठ या शाळकरी वादातही शिरत नाहीत. पत्रा, लाकूड, कापड, इंजिन, कागदपत्रे आणि कायदा या अंगांनी एक विमान पुन्हा उभे राहताना नेमके काय घडते, आणि कुठे थांबावे, हे सांगायचा त्यांचा प्रयत्न आहे. लेखकांमध्ये या प्रस्तावनेतल्या मतांशी न जुळणारेही आहेत. काहींना ‘ब्लॅक ६’ उडवले तेच बरोबर वाटते. त्यांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत यावे म्हणून ते तसेच ठेवले आहे.

वाचकांना एक विनंती. ओझर, बंगळूर, कानपूर, दाबोळी येथे काम केलेले कोणी तुमच्या घरात, शेजारात असेल तर त्यांच्या हस्ताक्षरातल्या कामाच्या वह्या, घरी बनवलेली हत्यारे, कारखान्याबाहेरचे फोटो रद्दीत घालू नका. गोपनीय कागद कोणी मागत नाही. त्यांना समोर बसवा, एखादा रिव्हेट ठोकताना हात कसा धरायचे ते विचारा, आणि त्यांच्या आवाजात ते नोंदवून ठेवा.